मेक्सिकोतील नाताळची तळण

डिसेंबरच्या अखेरीस मेक्सिकोच्या दक्षिणेकडील वाहाका शहरात कॅथेड्रलच्या आसपास खाद्यपदार्थांची तात्पुरती दुकाने मांडली जातात. तेथे मातीच्या खोलगट बशीत पापडासारखी पातळ, अंगभर फोड आलेली, कुरकुरीत अशी एक पोळी मोडून घालतात आणि तिजवर गुळाचा ऊन पाक ओततात. या पदार्थाचे नाव बुन्युएलो. तो खाऊन झाला की खाणारा मनात काही इच्छा धरतो आणि ती बशी जमिनीवर आपटून फोडतो. बशा मुद्दाम डागी, भाजताना बिघडलेल्या अशाच वापरतात; तरीही धडधाकट दिसणारे भांडे फोडण्याची ही रीत मराठी गृहिणीच्या मनास सहजासहजी पटावयाची नाही. पदार्थ मात्र तिला पहिल्याच घासाला ओळखीचा वाटेल. चिरोटे आणि पाकातल्या पुऱ्या ज्या घरात होतात, त्या घराला मैदा, मोहन, तळण आणि पाक यांविषयी नव्याने काय सांगावे?

तथापि सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पहिली गोष्ट ही की, मेक्सिकोत हे सारे पाहुणे आहे. त्या भूमीचे मूळ धान्य मका. भाजणे, उकडणे आणि वाफवणे या तेथील जुन्या स्वयंपाकाच्या रीती. भरपूर स्निग्ध पदार्थात तळणे त्यांत जवळजवळ नव्हतेच. १५२१ साली स्पॅनिश लोकांनी अझ्टेकांची राजधानी जिंकली आणि त्यांच्या मागोमाग गहू, ऊस व डुक्कर ही तिन्ही त्या देशात आली. गव्हाने पीठ दिले, उसाने गूळ दिला आणि डुकराच्या चरबीने तळण दिले. ज्या स्पेनमधून ही विद्या आली, त्या स्पेननेही ती बरीचशी दुसऱ्यांकडून घेतली होती. आंदालुसियात शतकानुशतके राहिलेल्या मुसलमानांच्या घरी तळलेल्या व मधात बुडवलेल्या पिठाचे अनेक प्रकार होत असत, आणि पुढे त्यांचे धर्मांतरित वंशज, ज्यांना मोरिस्को म्हणत, ते बुन्युएलो तळून विकणारे म्हणूनच प्रसिद्ध होते. स्पेनने १६०९ ते १६१४ या काळात मोरिस्कोंना देशाबाहेर घालविले. माणसे गेली; त्यांची कढई मात्र राहिली, आणि तोवर ती समुद्रापलीकडेही पोचली होती.

मेक्सिकोत या कलेला आश्रय मिळाला तो जोगिणींच्या मठांत. मेक्सिको शहरातील सान हेरोनिमो मठाच्या पाककृतींची एक वही सतराव्या शतकातील थोर कवयित्री सोर ह्वाना इनेस दे ला क्रूस हिच्या नावाने ओळखली जाते, आणि तीत बुन्युएलोचे एकाहून अधिक प्रकार आहेत. वही खरोखर तिच्याच हातची की काय याविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी स्वयंपाकघराविषयी तिचे मत काय होते याबद्दल वाद नाही. स्त्रीने ग्रंथ वाचू नयेत असा उपदेश झाल्यावर १६९१ साली तिने जे प्रसिद्ध पत्र लिहिले, त्यात चुलीपाशी केलेल्या निरीक्षणांचीही विद्या म्हणून गणना केली आहे. अंडे लोण्यात किंवा तेलात घातले तर एकजीव राहते आणि पाकात घातले तर विस्कटते, असे का व्हावे हा तिला पडलेला एक प्रश्न. तळण शिकू इच्छिणाऱ्याने हीच दृष्टी ठेवावी. नुसती मापे पाठ करून हात बसत नाही. कढईत काय घडते हे उमगावे लागते.

याच इबेरियातून एक फाटा पूर्वेकडेही आला. पोर्तुगालमध्ये नाताळला तळलेल्या पिठाचा फिल्योश नावाचा पदार्थ होतो. गोव्यात तोच फिलोज होऊन पिकलेल्या केळ्यांत मिसळला. उलट दिशेचे देणेही आहे. मेक्सिकोत बुन्युएलोच्या पाकात पुष्कळ ठिकाणी पेरू घालतात, आणि पेरू हे मुळात त्याच अमेरिका खंडाचे फळ. पोर्तुगीज काळात ते इकडे आले व इतके रुळले की, आता त्याला कोणी परदेशी म्हणणार नाही. म्हणून बुन्युएलोसाठी लागणाऱ्या जिन्नसांपैकी दुर्मिळ असे येथे काहीच नाही.

सुमारे १५ बुन्युएलोंसाठी ४०० ग्रॅम मैदा घ्यावा. त्यात चहाचा एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ आणि एक मोठा चमचा साखर मिसळून मध्ये आळे करावे. आळ्यात एक फेटलेले अंडे आणि तीन मोठे चमचे पातळ केलेले तूप घालावे, आणि कोमट पाण्याने पीठ भिजवावे. पाणी १७५ ते २०० मिलिलिटर लागेल. एकदम ओतू नये. अंडे ज्यांना चालत नाही त्यांनी ते गाळून पाणी थोडे वाढवावे; पदार्थ बिघडत नाही. मेक्सिकोत हे पाणी साधे नसते. टोमॅटीयो नावाचे एक आंबट हिरवे फळ तेथे होते. ते कागदासारख्या वेष्टनात असते आणि चिरबोटीच्या कुळातले आहे. त्याची ही वेष्टने पाण्यात उकळून ते पाणी पिठात वापरतात. त्याने पीठ हलके होते असा तेथील बायकांचा अनुभव आहे. काही जणी त्यात तेकेस्किते टाकतात. हा टेस्कोको सरोवराच्या वाळलेल्या काठावर मिळणारा खार, अझ्टेकांच्या काळापासून वापरात असलेला. पापडखाराशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना त्याचे काम निराळे समजावून देण्याची गरज नाही. बेकिंग पावडर घातली असता या दोहोंवाचून अडत नाही. पाण्यात बडीशेप उकळून घेतली तर सुवास मात्र छान येतो. तेथे यासाठी बडीशेपेसारखेच, पण तिच्याहून बारीक असे ॲनिसचे बी वापरतात.

पीठ चांगले १० मिनिटे मळावे. ते कानाच्या पाळीइतके मऊ व्हावयास हवे. नंतर ओल्या फडक्याखाली निदान एक तास ठेवावे, त्याचे लिंबाएवढे गोळे करून आणखी अर्धा तास ठेवावे. बुन्युएलो बिघडतो तो बहुधा येथेच, आणि बिघडवते ती घाई. मैदा भिजला की त्यातील ग्लूटेन नावाचे चिवट द्रव्य जाळे धरू लागते; मळण्याने ते जाळे घट्ट होते आणि विसाव्याने सैलावते. विसावा न मिळालेला गोळा लाटावयास घेतला तर लाटणे पुढे जाते आणि पोळी मागे येते. मग गृहिणी चिडून जोर करते, पोळी कशीबशी पुरीएवढी होते, जाड राहते आणि तळल्यावर चामड्यासारखी लागते. दोष मैद्याचा नसतो.

गोळा लाटून पोळी १५ सेंटिमीटर रुंद झाली की लाटणे बाजूस ठेवावे. यापुढचे काम हातांचे आणि गुडघ्याचे. मेक्सिकोतील बायका खुर्चीवर बसतात, गुडघ्यावर स्वच्छ फडके पसरतात, पोळी त्यावर घालतात आणि कडेने हलक्या बोटांनी ओढत ओढत ती फिरवितात. म्हणून या प्रकाराला गुडघ्यावरचे बुन्युएलो असेच नाव पडले आहे. एकट्याने करण्याचे हे काम नव्हे. नाताळच्या आदल्या दिवशी घरातील तीनचार जणी एकत्र बसून एकीने लाटावे, दोघींनी ओढावे, एकीने तळावे, अशी वाटणी होते. दिवाळीच्या करंज्यांची बैठक ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे दृश्य अपरिचित वाटणार नाही. गुडघ्याचा संकोच वाटल्यास पालथे पातेले फडक्याने झाकून त्यावर पोळी ओढावी, परिणाम तोच. पलीकडचे फडके अंधुक दिसू लागेपर्यंत, सुमारे २० ते २२ सेंटिमीटर, ती वाढवावी. एखादे भोक पडले तर पडू द्यावे. ओढलेल्या पोळ्या कापडावर पाच-दहा मिनिटे सुकू द्याव्यात. ओलसर पोळी तेल अधिक पिते.

तेल सुमारे १८० अंश सेल्सिअस तापलेले असावे. तापमापक नसल्यास पिठाचा कण टाकून पाहावा: तो बुडून लगेच वर आला आणि त्याभोवती बुडबुडे धरले की तेल झाले. कण तळाशीच बसला तर तेल थंड, आणि टाकताच तपकिरी पडला तर जास्त तापलेले. पोळी सोडताच तिच्यातील पाण्याची वाफ होते आणि ती वाफ जागोजाग पापुद्रा उचलून फोड आणते. पोळी पातळ असल्यामुळे वाफेला वाट लगेच सापडते, आणि मिनिट-दीड मिनिटात दोन्ही बाजू सोनेरी होऊन पोळी कोरडी, कुरकुरीत होते. तेल थंड असेल तर वाफेचा जोर कमी पडतो आणि तिच्या जागी तेल आत शिरते. तळलेले बुन्युएलो आडवे एकावर एक न रचता उभे निथळत ठेवावेत.

पाकासाठी मेक्सिकोत पिलोन्सियो वापरतात. हा शंकूच्या आकारात ओतलेला उसाचा गूळच होय. कोल्हापुरी गुळाने काम उत्तम भागते. २५० ग्रॅम गूळ अर्धा लिटर पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, त्यात दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा, चिमूटभर बडीशेप आणि एक पिकलेला पेरू फोडी करून घालावा, आणि मंद आचेवर २० मिनिटे उकळावा. पाक एकतारीच्या बराच अलीकडचा, पातळच हवा. हे चिरोट्याचे पाकवणे नव्हे. दालचिनी मेक्सिकोत सिंहली जातीची, कागदासारख्या पातळ सालीची घेतात. बाजारात दालचिनी म्हणून पुष्कळदा जाड व तिखट साल मिळते. ती घेतल्यास निम्मीच घालावी. पाक वाढतेवेळीच ओतावा. कोरडे बुन्युएलो घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस चांगले राहतात. पाक पडलेले दहा मिनिटेही राहत नाहीत. पाकाऐवजी नुसती साखर आणि दालचिनीची पूड भुरभुरली तरी चालते, पण जुन्या चवीची माणसे पाकच मागतात.

सोपैपिया हा त्याचा उत्तरेकडचा नातलग. १८४८ पर्यंत मेक्सिकोत असलेला आणि त्यानंतर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेलेला न्यू मेक्सिको हा त्याचा प्रांत. साधारण तेच पीठ, पण ओढावयाचे नाही. जाडसर लाटून चौकोन कापावेत आणि पुरीप्रमाणे झाऱ्याने दाबून फुगवावेत. फुगलेल्या उशीचा कोपरा तोडून आत मध ओततात. पुरी जिला फुगविता येते तिला यात अवघड काही नाही.

चुरोची गोष्ट निराळी, आणि ती सावधपणे सांगावयास हवी. चुरो स्पेनमधून आला. मेक्सिको शहरात १९३५ पासून चालत आलेले एल मोरो हे त्याचे विख्यात दुकान. करावयास तो सर्वांत सोपा दिसतो. वाटीभर पाण्यात दोन मोठे चमचे तेल, एक चमचा साखर व चिमूटभर मीठ घालून उकळी आणावी, खाली उतरवून त्यात वाटीभर मैदा एकदम घालून घोटावे. म्हणजे मोदकाला काढतात तशी मैद्याची उकडच ही. ती चांदणीच्या तबकडीच्या सोऱ्यातून सरळ तेलात पाडून तळतात.

२००४ साली दक्षिण अमेरिकेतील चिली देशात एका दैनिकाने चुरोची कृती छापली. वाचकांनी ती घरी करून पाहिली. कढईतील चुरो फुटले, उकळते तेल अंगावर उडाले आणि कित्येकजण भाजले, काही फार वाईट रीतीने. प्रकरण न्यायालयात गेले. छापलेल्या कृतीप्रमाणे २५० अंशांपर्यंत तापविलेल्या तेलात ते पीठ फुटण्याचाच संभव होता आणि छापण्यापूर्वी दैनिकाने कृतीची पुरेशी परीक्षा केली नव्हती, असे ठरले. २०११ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने १३ जखमींना भरपाई देण्याचा आदेश कायम केला. वृत्तपत्रातील पाककृती म्हणजे फावल्या वेळची करमणूक असे मानणाऱ्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा.

फुटण्याचे कारण वाफच. बुन्युएलोत तिला पातळपणामुळे वाट मिळते, सोपैपियात पोटात मोकळी जागा मिळते. चुरो मात्र भरीव असतो. बाहेरचे कवच आतील वाफ निघण्यापूर्वी कडक झाले तर वाफ ते फोडून बाहेर येते. चांदणीच्या खाचा शोभेसाठी असाव्यात असे वाटते, परंतु त्या खाचांमुळे पृष्ठभाग वाढतो, चुरो सारखा शिजतो आणि कवच एकसंध गोल बनत नाही. म्हणून गुळगुळीत गोल भोकाची तबकडी चुरोला कदापि लावू नये. पिठात गाठी ठेवू नयेत. सोऱ्यात पीठ दाबून भरावे, हवेची पोकळी राहू देऊ नये. बेकिंग पावडर येथे घालू नये. तेल १८० ते १९० अंशांच्या वर जाऊ देऊ नये; धूर दिसला तर आच बंद करून थांबावे. कढई निम्म्याहून अधिक भरू नये, एका वेळी चार-पाचच चुरो सोडावेत, लांबी वितीच्या आत असावी. मुलांना चुलीपासून दूर ठेवावे. तेलाने पेट घेतल्यास पाणी न टाकता आच बंद करून घट्ट झाकण घालावे, आणि कढई पूर्ण थंड होईपर्यंत ते काढू नये.

तीन-चार मिनिटांत चुरो सोनेरी होतात. निथळून लगेच साखर व दालचिनीच्या पुडीत घोळवावेत. गार झाल्यावर साखर धरत नाही. बरोबर दाट, गरम चॉकलेट द्यावे. कोको मेक्सिकोच्या परिसरातला, उरलेले सर्व बाहेरून आलेले. तेथील लोक ते चुरो त्यात बुडवून खातात.