दुखतंय म्हणजे वात, आणि वात म्हणजे तेल?

गुडघा दुखला, वात. सकाळी बोटं आखडली, वात. कमरेतून पोटरीपर्यंत कळ गेली, तोही वातच. एकदा वात ठरला की निदान संपलं आणि कपाटातली महानारायण तेलाची बाटली बाहेर आली. हे सगळं आयुर्वेदाच्या नावावर चालतं, पण आयुर्वेदाचे ग्रंथ असं सांगत नाहीत. चरकसंहितेत वाताचे ८० विकार नावानिशी मोजले आहेत. चिकित्सास्थानात वातव्याधीचा अध्याय वेगळा आणि त्याला लागूनच वातरक्ताचा वेगळा. पुढे माधवकराने माधवनिदानात आमवाताला स्वतंत्र प्रकरण दिलं. ज्यांनी इतकी बारीक वर्गवारी केली, त्यांचंच नाव घेऊन आपण सरसकट एकच बाटली सगळ्यांना चोळतो.

‘सांधा दुखतोय ना, मग तेल चोळा’

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं.

संधिगत वात हा उतारवयातला, झिजेचा आजार. डॉक्टर ज्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात त्याच्या बराच जवळचा. त्यातली सूज हाताला हवा भरलेल्या कातडी पखालीसारखी लागते आणि सांधा हलवताना दुखतो, असं चरक सांगतो. इथे तेल, शेक, बस्ती (औषधी एनिमा) हे सगळं शास्त्राला धरून आहे.

आमवाताचं तसं नाही. त्याची सुरुवात ग्रंथकार सांध्यात मानतच नाहीत, मंदावलेल्या अग्नीत मानतात. न पचलेला आम शरीरभर फिरतो आणि सांध्यांत ठाण मांडतो, अशी ही मांडणी आहे. अंग जड, तोंडाला चव नाही, बारीक ताप, आणि सुजलेल्या सांध्यांत विंचू डसल्यासारखी वेदना. इथे आधी लंघन, म्हणजे उपास, मग सुंठीसारखी पाचक औषधं, आणि शेक द्यायचा तो कोरडा. जाड वाळू लोखंडी कढईत तापवायची, सुती फडक्यात तिची पुरचुंडी बांधायची, आधी स्वतःच्या मनगटाला टेकवून चटका बसत नाही ना हे पाहायचं आणि मग सांध्यावर फिरवायची. आम असेपर्यंत वरून तेल नाही. म्हणून तर आमवाताच्या रुग्णाला जाणते वैद्य पहिल्याच भेटीत मालिश थांबवायला सांगतात. मौज अशी की याच आजारात एरंडेल तेलाची थोरवी गायली आहे. फक्त ते पोटात घ्यायचं, रेचक म्हणून, आणि तेही वैद्याच्या देखरेखीखाली.

फरक ओळखायला एक साधी खूण आहे. झिजेच्या गुडघ्याचा सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. दोन्ही हातांची बोटं नि मनगटं सुजलेली, चहाचा कप धरवत नाही, आणि हे तासभर किंवा जास्त टिकतंय, तर आमवाताशी बराच जुळणाऱ्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची शंका घ्यावी आणि रक्त तपासावं. या आजारात पहिले काही महिने मोलाचे. सांध्याचं हाड एकदा कुरतडलं गेलं की कुठल्याच पॅथीला ते पूर्ववत करता येत नाही. आयुर्वेदिक उपचार आणि या आजारावरचं नेहमीचं औषध मेथोट्रेक्झेट यांची डबल-ब्लाइंड तुलना कोइम्बतूरला झाली, २०११ मध्ये प्रसिद्धही झाली. दोन्हींचे परिणाम साधारण सारखे आले. पण रुग्ण होते ४३. एवढ्यावरून पुढचा मोठा अभ्यास हाती घेता येतो, चालू गोळ्या बंद करता येत नाहीत.

‘गुडघ्यातलं वंगण संपलं’

निरोगी गुडघ्यात मुळातच वंगण जेमतेम काही मिलिलिटर असतं. झिजलेला, सुजलेला गुडघा उलट जास्त पाणी धरतो. त्या पाण्याचा चिकटपणा मात्र कमी झालेला असतो. आयुर्वेदातही सांध्यात श्लेषक कफ मानला आहे, पण तो वरून तेल ओतून भरायची टाकी नव्हे. राहता राहिला कटकट आवाज. दुखत नसेल, सूज नसेल, तर त्याची चिंता करू नये. मांडीचे स्नायू बळकट करणं आणि वजन उतरवणं यांचा गुडघ्याला खरा उपयोग, पण ते बाटलीत मिळत नाही म्हणून लोकांना पटत नाही.

‘आयुर्वेदिक आहे, अपाय होणार नाही’

ज्याला परिणाम आहे त्याला दुष्परिणामही असू शकतो, आणि याचा चांगला दाखला पुण्याच्या संशोधकांनीच दिला. डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी गुडघेदुखीच्या ४४० रुग्णांवर २४ आठवडे चाचणी घेतली. ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. सुंठ-गुळवेल असलेल्या कॅप्सूल वेदना कमी करण्यात सेलेकॉक्सिब या वेदनाशामकाच्या तोडीच्या ठरल्या. आयुर्वेदाच्या बाजूने याहून भक्कम पुरावे फार नाहीत. त्याच अहवालात हेही नोंदलं आहे की या कॅप्सूल घेणाऱ्या काहींचं एसजीपीटी, म्हणजे यकृताला त्रास झाला की रक्तात वाढणारं एन्झाइम, वाढलं आणि औषध थांबवल्यावर ते उतरलं. पुढे करोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली. आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली. वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही, असा त्यांचा आक्षेप होता. वाद बाजूला ठेवू. महिनोन्‌महिने काढा घेणाऱ्याने मधून यकृताची तपासणी करायला कोणाची हरकत नसावी.

धातूंचं प्रकरण याहून गंभीर. अमेरिकेत बॉस्टन भागातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४ साली प्रसिद्ध झालं. शिसं अंगात साठलं तर नसाच निकामी होतात, मनगट लुळं पडतं. म्हणजे नसांसाठी घेतलेलं औषध नसांवरच उलटायचं.

आणि गुडघेदुखीवर मिळणारी ती बिनलेबलची पुडी! दोन दिवसांत गुडघा मोकळा झाला तर आनंदाआधी संशय यायला हवा, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. महिन्या-दोन महिन्यांत चेहरा गोल होतो, साखर चढते. पुडी एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ती घेऊनच डॉक्टरकडे जायचं. ‘संधिवात, लकवा मुळापासून बरा’ अशी जाहिरात करणं तर १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने गुन्हा आहे. भिंती रंगवणाऱ्यांना हे कोण सांगणार?

‘शीर दबली, तेलाने सुटली’

कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेला ग्रंथांत गृध्रसी म्हटलं आहे. पाय वर उचलता न येणं ही तिची खूण सुश्रुताने नोंदली. आजचा डॉक्टरही रुग्णाला उताणं झोपवून सरळ पाय उचलूनच पाहतो. ही कळ, म्हणजे सायटिका, बहुतेकांची दीड ते तीन महिन्यांत आपसूक ओसरते. तोंड वाकडं करणारा बेल्स पाल्सी, म्हणजे अर्दिताचा एक प्रकार, तोही बहुतेकांचा आपसूक सुधारतो. अशा आजारात शेवटी जे औषध चालू असेल ते यशस्वी ठरतं. मग गावोगावी हमखास गुणाची कीर्ती होते. पण कमरेच्या कळेसोबत लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर तो तेलाचा विषय राहत नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं लागतं.

पायांची आग, मुंग्या यामागे महाराष्ट्रात बहुतेकदा मधुमेह नाहीतर बी-१२ ची कमतरता निघते. शाकाहारी आणि त्यात मेटफॉर्मिन चालू, अशांनी बी-१२ आवर्जून तपासावं. यांच्यासाठी शेकाची पुरचुंडीही धोक्याची: पाय बधिर असतो, चटका कळत नाही, आणि सकाळी तळव्याला फोड दिसतो.

लकव्याचं सर्वांत शेवटी, कारण तिथे घड्याळ चालू असतं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी रक्तस्राव नाही ना हे सीटी स्कॅनमध्ये पाहावं लागतं. हे तास लकव्याचं औषध देणाऱ्या गावाच्या वाटेवर गाडीत निघून जातात. अभ्यंग (तेलाची मालिश), बस्ती, नस्य (नाकात औषध घालणं) यांची पाळी पुढच्या आठवड्यांत, व्यायामोपचारांच्या जोडीला, डॉक्टर आणि वैद्य दोघांना विचारून. तोंड वाकडं झालं, हात गळला, बोबडी वळली की किती वाजलेत ते टिपायचं, तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही, आणि १०८ ला फोन करून सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच न्या, असं स्पष्ट सांगायचं.