जुन्या पिकअपचा मूळ रेडिएटर : दुरुस्ती आणि निगा

भाजीपाल्याच्या पाट्या, दुधाच्या किटल्या आणि खताची पोती वाहून नेणाऱ्या जुन्या पिकअप गाड्या आजही कित्येक गावांतून दृष्टीस पडतात. कारखान्यातच मालाचा हौदा बसविलेली पिकअप फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या मॉडेल टी मोटारीवर विक्रीस आणली. आपल्याकडे १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली आणि पुढे जीपच्याच घराण्यातील पिकअप गाड्या शेतांच्या बांधापर्यंत पोहोचल्या. या जुन्या गाड्यांचा मूळ रेडिएटर तांब्या-पितळेचा असून तो डाख देऊन जोडलेला असतो. जे डाखाने जोडले आहे ते डाखानेच पुन्हा सांधता येते. म्हणून असा रेडिएटर गळू लागताच तो मोडीत काढण्याची घाई करू नये.

रेडिएटरचे कार्य

इंजिनात तापलेले पाणी वरच्या टाकीत येते, पितळेच्या अरुंद नळ्यांतून खाली उतरते व थंड होऊन पुन्हा इंजिनाकडे जाते. नळ्यांना जोडलेल्या तांब्याच्या पातळ पट्ट्या उष्णता हवेस देतात. तांब्याची उष्णता वाहून नेण्याची शक्ती ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून अधिक असते. हे कार्य बिघडले की इंजिनाचे डोके वाकते वा तडकते, गॅस्केट जळते, आणि अखेरीस पिस्टन जाम होतात. ऐन हंगामात माल बाजारात न्यावयाचा असता गाडी वाटेतच अडली, तर होणारी हानी डाखाच्या खर्चाच्या कितीतरी पट असते.

दोषाची परीक्षा

इंजिन तापते म्हणजे रेडिएटरच बिघडला, असे नव्हे. पंख्याचा पट्टा सैल असणे, थर्मोस्टॅट अडकणे किंवा खालची रबरी नळी मऊ पडून आत ओढली जाणे, ही कारणे आधी तपासावी. इंजिन चालू असता रेडिएटरच्या पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, तर गॅस्केटमधून वायू शिरत असण्याचा संभव आहे. ही तपासणी इंजिन गार असतानाच झाकण काढून सुरू करावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. उसळणाऱ्या पाण्याने चेहरा व हात गंभीररीत्या भाजतात.

गळती शोधण्यासाठी रेडिएटर उतरवून त्याची तोंडे बुचांनी बंद करावी, तो पाण्याच्या हौदात बुडवावा व आत हलक्या दाबाने हवा भरावी. जेथून बुडबुडे निघतील तेथे खूण करावी. हवेचा दाब झाकणावर लिहिलेल्या दाबापेक्षा अधिक होऊ देऊ नये, नाहीतर चांगले सांधेही उकलतात.

डाख देण्याची रीत

प्रथम आतील पाणी पूर्णपणे काढून टाकावे. पाणी उरले तर सांधा पुरेसा तापत नाही. जागा घासून धातू चकचकीत दिसेल इतकी स्वच्छ करावी, कारण मळावर, रंगावर वा हिरव्या गंजावर डाख धरत नाही. नंतर फ्लक्स लावून सांधा बेताने तापवावा आणि तापलेल्या धातूनेच डाख वितळवून घ्यावा. शिसे व कथील यांचा डाख १८३ अंश सेल्सिअसपासून मऊ होऊ लागतो. पितळ वितळण्यास मात्र ९०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. अतिउष्णतेचा खरा धोका पितळेस नसून शेजारच्या सांध्यांस असतो. त्यांवर ओली फडकी ठेवावी. काम संपताच फ्लक्स भरपूर पाण्याने धुऊन काढावा, अन्यथा तो धातू खात राहतो.

मधली एखादी नळी फाटली असेल, तर कारागीर ती दोन्ही टोकांस बंद करून टाकतात. असे एकदोन नळ्यांपुरतेच करावे. क्षारांनी तुंबलेल्या नळ्यांसाठी वरची टाकी उकलून प्रत्येक नळीतून पातळ सळई फिरवावी लागते. हे काम अनुभवी रेडिएटर कारागिराकडेच द्यावे. शिशाचा धूर व भुकटी विषारी असल्याने काम मोकळ्या हवेत करावे, मुलांना दूर ठेवावे आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

टाळावयाच्या गोष्टी

गळती थांबविण्यासाठी पाण्यात हळद टाकण्याची चाल वाहनचालकांत आहे. वाटेत अडचण पडली असता तिने तात्पुरते काम भागते. परंतु तीच भुकटी चांगल्या नळ्यांतही साचते. इपॉक्सीचा लेप पुढे डाख देण्यास अडथळा करतो. अधिक दाबाचे नवे झाकणही बसवू नये. दर चौरस इंचास एक पौंड दाब वाढल्यास पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे दीड अंशाने चढतो हे खरे. तथापि जुन्या सांध्यांना तो भार सोसत नाही.

नित्याची निगा

विहिरीच्या जड पाण्याने नळ्यांत क्षारांचा थर बसतो. त्याऐवजी गाळलेले पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी वापरावे. त्यात तांब्या-पितळेस चालणारे कूलंट डब्यावरील प्रमाणानुसार मिसळावे. इथिलीन ग्लायकॉल असलेले कूलंट चवीस गोड पण अतिशय विषारी असते. बैल, गाई व कुत्री ते चाटण्याचा संभव असल्याने जुने पाणी गोठ्याजवळ, विहिरीजवळ वा ओढ्यात कधीही ओतू नये. जाळीत अडकलेला भुसा व कीटक इंजिनाच्या बाजूने पाण्याच्या हलक्या धारेने बाहेर काढावेत.

जुन्या ट्रॅक्टरचे तांब्या-पितळेचे रेडिएटरही याच जातीचे असल्याने वरील सर्व सूचना त्यांनाही लागू पडतात. ग्रामसेवकांनी हंगामापूर्वी गावातील वाहनधारकांना एकत्र बोलावून, जवळच्या कुशल कारागिराकडून गळतीची परीक्षा प्रत्यक्ष दाखविण्याची व्यवस्था करावी. वेळीच दिलेला डाखाचा एक थेंब इंजिन वाचवितो आणि शेतमालही वेळेवर बाजारात पोहोचवितो.