बुरशीपासून डीएनएचे विलगीकरण : काळ्या ॲस्परजिलसच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

साठवणीतील कांद्याचा वरचा पापुद्रा सोलला असता आत पुष्कळदा काजळीसारखी काळी भुकटी आढळते. ही भुकटी म्हणजे ॲस्परजिलस वंशातील काळ्या बुरशीचे बीजाणू होत. पाठ्यपुस्तकांतून या बुरशीचा उल्लेख सरसकट ॲस्परजिलस नायजर असा केला जातो. तथापि काळे बीजाणू धारण करणाऱ्या जाती अनेक असून त्यांपैकी नायजर व ट्युबिन्जेन्सिस या दोन जाती सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारख्याच दिसतात. हा प्रश्न केवळ नामकरणाचा नाही. नायजर जातीचे काही वाण ऑक्रॅटॉक्सिन व फ्युमोनिसिन ही विषद्रव्ये निर्माण करतात, तर याच जातीचे निवडक वाण सायट्रिक आम्लाच्या औद्योगिक उत्पादनात दीर्घकाळ वापरले जात आहेत. त्यामुळे खाद्यवस्तूवर आढळलेल्या बुरशीची जात निश्चित करणे आवश्यक ठरते आणि त्यासाठी तिच्या डीएनएचा आधार घ्यावा लागतो.

डीएनएचा अनुक्रम वाचण्याचे काम आज यंत्रे करतात. परंतु यंत्रात जे घातले जाते तेच यंत्र वाचते. निष्कर्षाची विश्वासार्हता त्यापूर्वीच, म्हणजे विलगीकरणाच्या टप्प्यावर ठरलेली असते. या टप्प्यातील प्रत्येक कृतीमागील कारण स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पेशीभित्तिकेचा अडथळा

रक्तातील पांढऱ्या पेशींना पेशीभित्तिका नसते; अपमार्जकाच्या द्रावणाने त्यांचे पटल विरघळते व डीएनए सहज बाहेर येतो. बुरशीच्या बाबतीत असे घडत नाही. तिच्या पेशीभोवती कायटिन व ग्लुकान या बहुशर्करांची बळकट भित्तिका असते. खेकड्याच्या कवचास टणकपणा देण्यात ज्या कायटिनचा वाटा असतो, तेच हे द्रव्य होय.

भित्तिका फोडल्यानंतर आणखी तीन अडचणी उभ्या राहतात. पहिली, मोकळ्या झालेल्या बहुशर्करा डीएनएसोबतच अवक्षेपित होतात व द्रावण चिकट बनते. दुसरी, पेशीतीलच डीएनएज हे विकर डीएनएचे तुकडे करू लागते. तिसरी अडचण काळ्या बुरशीत विशेष जाणवते. बीजाणूंतील मेलॅनिनसारखी गडद रंगद्रव्ये डीएनएसोबत येतात व पुढे पॉलिमरेज विकराचे कार्य रोखतात.

कवकजालाची निवड

यावरील पहिला उपाय रसायनांत नसून बुरशीच्या वाढीत आहे. एकाच बीजाणूपासून मिळविलेला शुद्ध संवर्ध बटाटा-डेक्स्ट्रोजच्या द्रव माध्यमात दोन ते तीन दिवस वाढवावा. या अवस्थेत कवकजाल पांढरे असते, बीजाणू तयार झालेले नसतात व भित्तिकाही तुलनेने कोवळी असते. पेट्री बशीतील काळी पडलेली वाढ खरवडून घेणे सोपे असले, तरी तिच्यातून रंगद्रव्येच अधिक मिळतात. कवकजाल गाळून, निर्जंतुक पाण्याने धुऊन गाळणकागदावर टिपून घ्यावे, म्हणजे माध्यमातील शर्करा पुढे येत नाहीत.

सीटॅब पद्धती

सेटिल ट्रायमिथिल अमोनियम ब्रोमाइड, म्हणजेच सीटॅब, या अपमार्जकावर आधारलेली पद्धती मूलतः वनस्पतींसाठी विकसित झाली. बहुशर्करांची अडचण दोहोंकडे समान असल्याने ती बुरशीसाठीही उपयुक्त ठरली. तिचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

१. सुमारे १०० मिलिग्रॅम कवकजाल खलात घेऊन उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये त्याची बारीक पूड करावी. गोठल्यामुळे भित्तिका ठिसूळ होते आणि विकरेही निष्क्रिय राहतात. द्रव नायट्रोजन उपलब्ध नसल्यास कवकजाल विलगीकरण द्रावणातच काचेच्या बारीक मण्यांसह जोराने हलवावे; मात्र त्यात डीएनए काहीसा तुटतो.

२. पूड वितळण्यापूर्वीच तीत ६५ अंशांपर्यंत तापविलेले द्रावण घालावे. त्यात २ टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, १०० मिलिमोलर ट्रिस, २० मिलिमोलर ईडीटीए व ०.२ टक्के बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल असते. ईडीटीए मॅग्नेशियम बांधून ठेवते, त्यामुळे डीएनएज निकामी होते. मिठाच्या या तीव्रतेस सीटॅब बहुशर्करा व प्रथिने यांच्याशी संयोग पावते, डीएनए मात्र द्रावणातच राहतो. हे मिश्रण ६५ अंशांवर ३० ते ६० मिनिटे ठेवावे.

३. क्लोरोफॉर्म व आयसोअमाइल अल्कोहोल यांचे २४:१ मिश्रण समप्रमाणात घालून नळी हलक्या हाताने उलटसुलट करावी व अपकेंद्रित्रात फिरवावी. प्रथिने मधल्या पांढऱ्या थरात अडकतात व डीएनए वरच्या जलीय थरात राहतो. मधल्या थरास धक्का न लावता वरचा थर काढून घ्यावा. हे व याआधीचे काम धूर-कपाटातच करावे.

४. थंड आयसोप्रोपॅनॉल घालून डीएनए अवक्षेपित करावा, ७० टक्के इथेनॉलने धुवावा, सुकवावा व टीई द्रावणात विरघळवावा. शेवटी आरएनएज घालून ३७ अंशांवर ३० मिनिटे ठेवल्यास आरएनए नष्ट होतो.

शुद्धतेची तपासणी

वर्णपटमापीवर २६० व २८० नॅनोमीटर तरंगलांबींच्या शोषणाचे गुणोत्तर १.८ च्या आसपास असावे. ते बरेच कमी असल्यास प्रथिने वा फिनॉलसारखी द्रव्ये शिल्लक असल्याचे समजावे. २६० व २३० नॅनोमीटरचे गुणोत्तर साधारण २ पेक्षा बरेच खाली गेल्यास बहुशर्करा वा क्षारांचा संशय घ्यावा. तथापि ही गुणोत्तरे डीएनए अखंड आहे किंवा नाही हे सांगत नाहीत. त्यासाठी अगरोज जेलवर विद्युतसंचारण करून एकसंध पट्टा दिसतो का, हे पाहावे लागते.

रिकाम्या नळीचे महत्त्व

आयटीएस हा डीएनएचा भाग २०१२ साली बुरशींचा सर्वमान्य बारकोड म्हणून प्रस्तावित झाला. त्यासाठी वापरले जाणारे प्रायमर बहुसंख्य बुरशींवर चालतात. हेच त्यांचे सामर्थ्य व हाच त्यांचा धोका होय. खल, पिपेट किंवा हवा यांतून एखाद्या पेनिसिलियमचे बीजाणू नळीत शिरले, तर त्यांचाही डीएनए तितक्याच सहजतेने वाढविला जातो. मूळ नमुन्याचे विलगीकरण फसलेले असल्यास तर केवळ उपऱ्या बुरशीचाच स्वच्छ अनुक्रम हाती येतो, आणि त्यात चूक असल्याची कोणतीही खूण नसते.

म्हणून प्रत्येक वेळी एक नळी कवकजालाविना सर्व टप्प्यांतून न्यावी. तीत पीसीआरनंतर पट्टा दिसल्यास त्या दिवसाचे सर्व निष्कर्ष बाजूस ठेवावेत. जोडीला ओळख निश्चित असलेला वाणही तपासावा. असे वाण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील राष्ट्रीय बुरशी संवर्ध संग्रहासारख्या ठिकाणी जतन केले जातात. शिवाय नायजर व ट्युबिन्जेन्सिस यांतील भेद आयटीएसवरून खात्रीने करता येत नाही. त्यासाठी कॅल्मॉड्युलिन जनुकाचा अनुक्रम पाहावा लागतो, आणि तेव्हाही आधार याच विलगित डीएनएचा असतो.

उपसंहार

डीएनए विलगीकरण ही पाककृतीप्रमाणे पाठ करण्याची गोष्ट नाही. कोणता पदार्थ कोणता अडथळा दूर करतो हे ज्यास ठाऊक आहे, तोच चिकट द्रावण किंवा रिकामे जेल पाहून चूक कोठे झाली हे शोधू शकतो. पदव्युत्तर प्रात्यक्षिकांत डीएनएच्या प्रमाणाइतकेच गुण रिकाम्या नळीच्या नोंदीसही दिले जावेत. कारण आपण वाचलेला डीएनए आपल्याच बुरशीचा आहे, हे सांगण्याचा अधिकार त्या नोंदीमुळेच प्राप्त होतो.