टेस्टर कामगाराचा, जबाबदारी कोणाची?

पावसाळा सुरू झाला की माझ्या दवाखान्यात विजेचा धक्का बसलेले रुग्ण वाढतात. त्यांत वायरमन आणि त्यांचे मदतनीसही असतात. वीज हाताळणे हाच ज्यांचा धंदा, त्यांना शॉक कसा लागतो, असे वाचकांना वाटेल. चौकशी केली की पुष्कळदा दोष निघतो तो खिशातल्या टेस्टरचा.

आपल्याकडे वायरमन हत्यारे स्वतःचीच आणतो. पक्कड, टेस्टर, होल्डरला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प आणि हल्ली दोन-तीनशे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर. टेस्टरचा दिवा भर उन्हात दिसत नाही. कोरड्या लाकडी शिडीवर उभे राहिल्यास तो अगदी मंद लागतो. दिवा दिसला नाही म्हणजे वीज नाही, असे समजून कामगार तारेला हात घालतो. टेस्ट लॅम्पच्या वायरींची टोके उघडी असतात, मध्ये फ्यूज नसतो. दोन फेजमध्ये लावला तर बल्ब तोंडासमोर फुटू शकतो.

गेल्या वर्षी एका कारखान्यातला तरुण वायरमन दोन्ही हात व चेहरा भाजून आला. मल्टिमीटरची वायर अँपिअरच्या भोकात राहिली होती आणि त्याने तशीच ती फेजला लावली. क्षणात शॉर्ट होऊन भडका उडाला. बरोबर आलेले सुपरवायझर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मीटर त्याचा स्वतःचा होता. कंपनीचा काही संबंध नाही."

हा समज चुकीचा आहे. मीटर त्याचा असेल, पण काम मालकाचे आहे. कारखाना कायद्यात १९८७ साली कलम ७-अ घालून कामाची पद्धत सुरक्षित ठेवण्याचे कर्तव्य कारखानदारावर टाकण्यात आले. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य सांगितले आहे आणि सुरक्षिततेच्या साधनांचा खर्च कामगाराकडून घेऊ नये असे म्हटले आहे. कामगाराचे उपकरण आपल्या आवारात वापरू देणारा मालक नामानिराळा राहू शकत नाही.

शरीरावर काय होते?

सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाहाने स्नायू आखडतात व पकडलेली तार सुटत नाही. साठ वॅटचा बल्ब पेटायला जेवढा प्रवाह लागतो, त्याच्या चौथ्या हिश्श्यानेही हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. ओल्या त्वचेतून वीज अधिक सहज शिरते. बाहेरून चटका लहान दिसला तरी आत स्नायू जळालेले असू शकतात. लघवी काळपट झाली तर मूत्रपिंडाला धोका आहे असे समजावे.

मालकांनी एवढे करावे

१) तपासणीची उपकरणे शक्यतो स्वतः पुरवावीत. कामगाराची वापरू द्यायची तर आधी जाणकाराकडून तपासून घ्यावीत व नोंद ठेवावी.
२) घरगुती टेस्ट लॅम्पला बंदी करावी.
३) मीटरच्या वायरी फ्यूज असलेल्या व न चिरलेल्या असाव्यात. टोकाचा उघडा धातू ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा, असे ब्रिटनमधील मार्गदर्शिका सांगते.
४) वितरण पेटीवर काम असेल तर मीटरवर 'कॅट थ्री' हा दर्जा छापलेला असावा.
५) उपकरण आधी चालू लाइनवर, मग बंद केलेल्या लाइनवर आणि पुन्हा चालू लाइनवर तपासण्याची शिस्त लावावी.

शॉक लागलाच तर प्रथम मेन स्विच बंद करावा. त्याआधी रुग्णाला हात लावू नये. तो बेशुद्ध असून नीट श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन करावा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाबत राहावे. शुद्धीवर असला तरी ई.सी.जी. काढून घ्यावा.

चांगला मीटर काही हजारांत येतो. भाजलेल्या हातावरचे उपचार त्याहून कितीतरी महाग पडतात, आणि हात पूर्वीसारखा होईलच याची हमी कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही.