पदयात्रा आणि दानपत्र

विनोबा भावे यांच्या भूदान-यात्रेचा विषय निघाला म्हणजे लक्षावधि एकरांचे आंकडे पुढें येतात. परंतु त्या चळवळीचें यश आणि तिचें अपयश हीं दोन्हीं प्रवासाच्या रीतींतच दडलेलीं होतीं, इकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं.

आजच्या रायगड जिल्ह्यांतील गागोदें हें विनोबांचें जन्मग्राम. 8 मार्च 1951 रोजीं ते वर्ध्याजवळील पवनारहून पायीं निघाले, ते हैदराबादेजवळ शिवरामपल्लीस भरणाऱ्या सर्वोदय संमेलनासाठीं. भूमि मागण्याचा संकल्प तेव्हां नव्हता. पुढें त्यांनीं तेलंगणाची वाट धरली. तेथें जमीनदार आणि कम्युनिस्ट यांच्या झगड्यांत खेडुत भरडला जात होता. 18 एप्रिलला पोचमपल्लीच्या भूमिहीन दलित कुटुंबांनीं 80 एकर जमीन मागितली. गांवांतच कोणी देईल काय, असें विनोबांनीं विचारलें, आणि रामचंद्र रेड्डी यांनीं 100 एकर देऊं केले. तेलंगणांतील 51 दिवसांत 12,201 एकर मिळाले. पावसाळ्यापुरते पवनारास थांबून विनोबा पुन्हां निघाले ते 1964 च्या एप्रिलांत परतले.

पहाटे अंधारांत कंदील घेऊन निघावें, दहा-बारा मैल चालावें, हा क्रम. कोंकणच्या वाचकांस सांगावयाचें तर, चिपळुणाहून अलोऱ्यास जावें एवढी ही मजल. मुक्काम, प्रार्थना, प्रवचन आणि मग मागणी : तुम्हांस पांच मुलगे असतील तर मला सहावा समजा, माझा हिस्सा द्या. मोटार मिळाली नसती असें नव्हे. पण दारीं चालत आलेल्या माणसाला नाहीं म्हणणें जमीनदारासही जड जाई.

दुसऱ्या पहाटे यात्रा पुढें जाई आणि गांवांत दानपत्र उरे. दानपत्र म्हणजे ताबा नव्हे. जमीन दात्याचीच आहे ना, गहाण नाहीं ना, तिच्यावर दावा नाहीं ना, हें पाहावें लागे. मग मोजणी, भूमिहीनाची निवड, दप्तरीं नोंद. आणि एवढें होऊन बैल व बियाणें कोठून आणावें, हा प्रश्न राहीच. कोंकणांत एका सातबाऱ्यावर दहा-वीस नांवें असतात. त्यांपैकीं एकानें दान दिलें, तर त्याचा तुकडा नेमका कोणता? कायदेही यात्रेच्या मागून आले : मध्यप्रदेशाचा (विदर्भ तेव्हां त्यांतच होता) 1953 सालीं, बिहारचा 1954 सालीं. एकट्या बिहारांत सुमारें 22 लाख एकरांचीं दानपत्रें झालीं. त्यांतली पुष्कळशी जमीन डोंगराळ, जंगली वा वादग्रस्त निघाली. देशभर 40 लाखांहून अधिक एकर जाहीर झाले, पण त्यांचा मोठा भाग भूमिहीनांच्या हातीं पोंचलाच नाहीं. हैदराबादेच्या आसपासच्या भूदान-जमिनींचे तंटे एकविसाव्या शतकांतही न्यायालयांत चालले.

सर्वच देणगी लटकी होती, असें मात्र म्हणतां येत नाहीं. ज्याला दोन एकर खरोखर मिळाले त्याच्या घरीं चूल पेटली. ती आंकड्यांत दिसत नाहीं, इतकेंच.

1954 सालीं या कार्यास जीवनदान करणारे जयप्रकाश नारायण 1970 सालीं बिहारांतील मुसहरी येथें जाऊन राहिले. तेथें नक्षलवादी चळवळीनें मूळ धरलें होतें, आणि दान म्हणून जाहीर झालेली जमीन बव्हंशीं जुन्याच मालकांकडे होती. ते पुढच्या गांवास निघून गेले नाहींत. त्याच भागांत मुक्काम ठोकून, गांवोगांव फिरून, ते दात्यांकडे जुन्या वचनांची पूर्तता मागूं लागले.