विहिरीवरचा हिशेब

रावेर-यावलच्या केळीबागेत पंप चालतो, तेव्हा त्याने घेतलेल्या विजेपैकी पाण्याच्या वाट्याला किती येते? गणित सोपे आहे. एक घनमीटर म्हणजे 1,000 लिटर पाणी 30 मीटर उचलायला 1,000 × 9.8 × 30 = 2,94,000 जूल ऊर्जा लागते. एक युनिट 36 लाख जूलचे. म्हणजे हे झाले जेमतेम 0.08 युनिट. पण मोटर, पंप आणि पाइप मिळून कार्यक्षमता 25 टक्केच असेल, तर मीटर 0.33 युनिट दाखवील. बाकीची वीज मोटर तापण्यात, पाइपातील घर्षणात आणि फूटव्हॉल्व्हच्या अडथळ्यात जाते.

यात शेतकऱ्याला बोल लावणे आम्हाला पटत नाही. व्होल्टेजचा भरवसा नसेल तेथे तो जळणार नाही अशी दणकट मोटर घेतो. बिल युनिटांऐवजी अश्वशक्तीवर ठरत असेल, तर कार्यक्षम पंपासाठी जादा पैसे त्याने का मोजावेत? गळती विहिरीवर दिसते, पण तिचे एक मूळ दरपत्रकात असते. ऊर्जाधोरणाच्या संशोधकाचे काम येथून सुरू होते.

पुण्याच्या 'प्रयास' संस्थेतील गिरीश संत (1966–2012) यांनी हीच वाट धरली. आयआयटी मुंबईत शिकलेल्या संतांनी शंतनु दीक्षित यांच्याबरोबर 1996 मध्ये शेतीपंपांची कार्यक्षमता व मानके यांवर निबंध लिहिला. शेतीच्या वीज-सवलतीचा लाभ नेमका कोणाला होतो, हेही त्या दोघांनी त्याच वर्षी तपासले. संत तेव्हा तिशीत होते. अशा संशोधनाला महागडी उपकरणे लागत नाहीत; दरपत्रके, अहवाल आणि शेतावरची मोजणी लागते. (चिकाटीही लागते, तिला अनुदान मिळत नाही!)

आज धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत, साक्री तालुक्यातच महानिर्मितीचा सौर प्रकल्प आहे. वारा पावसाळ्यात जोर धरतो, तेव्हा पंपांना फारसे काम नसते. ऊन मात्र पिकाला तहान लागते तेव्हाच मिळते. 2017 च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमागे हाच विचार आहे : दिवसा वीज मिळाली, तर रात्री साप-विंचवाच्या भीतीत बारे देणे टळेल. पण उन्हाची वीज फुकट वाटू लागली आणि उपसा वाढला तर? पाणी 30 वरून 60 मीटरवर गेले, की वरचा 0.08 चा आकडा 0.16 होतो.

विद्यार्थ्यांना हे मोजता येईल. मालकाच्या परवानगीने, विजेच्या जोडणीला हात न लावता, 200 लिटरचा पिंप किती सेकंदांत भरतो ते पाहा. दोरीने पाण्याची खोली मोजा, मीटर असल्यास तासाभराची युनिटे टिपा, आणि आपल्या पंपाची टक्केवारी काढा.