थंड पडलेल्या हीटरचा तपास

धर्माबाद म्हटलं की काय आठवतं? लाल मिरची! नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेला खेटून असलेलं हे गाव मिरचीच्या बाजारासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात इथला पारा ४२ अंशांच्याही वर जातो. अशा गावात मोटारीच्या हीटरची गोष्ट सांगायची, म्हणजे ऐन वैशाखात घोंगडी विकायला निघण्यासारखं! "इथं हीटर कशाला? बाजारातनं एक चक्कर मारा, आपोआप घाम फुटतो," असं कुणीही म्हणेल.

पण थांबा. आधी ही पहाट डोळ्यांसमोर आणा.

वसंत पंचमीचा दिवस. धाकट्या बहिणीला अक्षराभ्यासासाठी बासरच्या सरस्वतीच्या देवळात न्यायचंय. गोदावरीकाठचं बासर धर्माबादहून जवळच. मामांची जुनी गाडी, आत सहा माणसं, गारठ्यामुळे सगळ्या काचा बंद. गाव मागे पडतं न पडतं तोच समोरची काच आतून पांढरी होऊ लागते. मामा फडक्याने पुसतात, ती पुन्हा धुरकटते. समोरून ट्रकचे दिवे येतात आणि काचेवर नुसता उजेडाचा गोळा पसरतो. रस्ता कुठे, कडा कुठे, काही कळत नाही!

मामा हीटर लावतात. पंखा घरघरतो, पण वारा येतो गार. "गरम वारा येईनाच झालाय की!" म्हणत ते गाडी कडेला घेतात, काचा थोड्या खाली करतात, पुढची काच कोरडी पुसतात आणि मग हळूहळू निघतात. शहाणपणाचं केलं त्यांनी. न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी दामटणारा माणूस शूर नसतो, बेफिकीर असतो.

म्हणजे आपल्याकडेही हीटर असतो तो नुसत्या उबेसाठी नाही, काच स्वच्छ ठेवण्यासाठी. आपल्या श्वासात पाण्याची वाफ असते. ती गार काचेला लागली की तिचे बारीक थेंब होतात. गरम हवा मात्र जास्त वाफ पोटात घेऊ शकते. ती काचेवर सोडली की थेंब सुकतात.

हीटर म्हणजे काय?

पुष्कळांना वाटतं, गाडीच्या हीटरात घरच्या शेगडीसारखी तार तापते. तसं नसतं! पेट्रोल जळून जी उष्णता होते, तिच्यातला जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग चाकं फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची काही धुराबरोबर जाते, काही इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरते. हे पाणी रेडिएटरमध्ये जाऊन गार होतं आणि परत येतं. त्यातलंच थोडं गरम पाणी दोन रबरी नळ्यांतून डॅशबोर्डच्या मागे नेलेलं असतं. तिथे असतो एक छोटा रेडिएटर, त्याला हीटर कोअर म्हणतात. पंखा त्याच्यावर वारा मारतो आणि तो वारा गरम होऊन आत येतो. फुकटची उष्णता!

आपल्या रस्त्यांवरच्या पुष्कळ जुन्या गाड्यांचं मूळ थंड देशांत होतं. अँबॅसडर इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली. ती बंगालात उत्तरपाड्याला २०१४ सालापर्यंत बनत होती. आपल्या मुंबईत, कुर्ल्याला बनलेली पद्मिनी मूळची इटलीची फियाट. थंड देशांत हीटर बिघडला तर माणसाच्या जिवाशी गाठ पडते. आपल्याकडे मात्र तो बिघडलाय, हे दोन-दोन वर्षं कळतसुद्धा नाही.

पाच संशयित

दुसऱ्या दिवशी तुम्ही मामांबरोबर गॅरेजात जाता. चांगला मिस्त्री आधी पाना हातात घेत नाही, आधी प्रश्न विचारतो. अगदी गुप्तहेरासारखा! त्याच्यापुढे पाच संशयित असतात.

पहिला संशयित, कमी झालेलं पाणी. हीटर कोअर बऱ्याच गाड्यांत उंचावर असतो. पाणी कमी झालं की तिथे हवा अडकते. म्हणून पहिली तपासणी पाण्याची, आणि तीही इंजिन पूर्ण गार असताना! तापलेल्या रेडिएटरचं झाकण म्हणजे शिट्टी न झालेला कुकर. दाबाखाली असल्यामुळे आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि उकळतं पाणी फवाऱ्यासारखं अंगावर येतं.

दुसरा संशयित, थर्मोस्टॅट. हा पाण्याच्या वाटेवरचा दरवान. याच्या पोटात मेण असतं. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांवर गेलं की मेण वितळून फुगतं आणि रेडिएटरकडची वाट उघडते. तोवर इंजिन लवकर तापावं म्हणून वाट बंद! पण आपल्या गरम मुलखात काही गॅरेजवाले "कशाला पाहिजे?" म्हणून हा दरवान काढूनच टाकतात. मग थंडीत इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जळतं आणि हीटर कोमट राहतो. खूण अशी की पंधरा मिनिटं गाडी चालवूनही तापमानाचा काटा खालीच.

तिसरा, पाणी फिरवणारा पंप, ज्याला गॅरेजात 'वॉटर बॉडी' म्हणतात. तो थकला की हीटर तर गार पडतोच, पण इंजिन तापू लागतं.

चौथा, वाऱ्याची बाजू. पंखाच फिरत नसेल तर आधी फ्यूज बघायचा. फक्त सगळ्यात मोठ्या वेगावर फिरत असेल तर बहुधा त्याचा रेझिस्टर गेलेला असतो. किंवा गरम-गार वाऱ्याची झडप हलवणारी केबल निसटलेली असते.

पाचवा, खुद्द हीटर कोअर किंवा त्याच्याकडे पाणी सोडणारा कॉक.

आता मिस्त्रीची खरी युक्ती पाहा. गाडी तापवून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, मग इंजिन बंद करून तो त्या दोन रबरी नळ्यांना जपून हात लावतो. दोन्ही गरम असतील तर पाणी फिरतंय, दोष वाऱ्याच्या बाजूला. दोन्ही गार असतील तर पाणी तिथवर पोचतच नाही. एक गरम आणि एक गार असेल तर पाणी वाटेत अडलंय. (हे काम मिस्त्रीचंच. तुम्ही लांबून बघायचं. गाडी बंद असली तरी काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा अचानक फिरतो!)

मामांच्या गाडीत पाणी भरलेलं, काटा बरोबर मध्ये, पंखा धडधाकट. पण एक नळी चटका देणारी, दुसरी जेमतेम कोमट. कॉक तर उघडाच! मग चोर कोण? हीटर कोअर. तो तुंबलाय.

चोर सापडला, पण चोरी कुणी करवली?

मिस्त्री नळ्या सोडवून पाणी उलट्या दिशेने, अगदी हलक्या दाबाने सोडतो. जोर केला तर जुना कोअर फुटायचा! बाहेर काय येतं? गढूळ, तांबूस पाणी आणि पांढरी कपची. "मामा, बोअरचं पाणी टाकत होतात ना?" तो विचारतो. मामा मान डोलावतात.

मराठवाड्यात बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड, क्षारांचं. अंघोळीच्या बंबात किंवा गिझरमध्ये पांढरा थर बसतो ना, तोच हा. असं पाणी तापलं की त्यात विरघळलेला चुना घट्ट होऊन चिकटतो. रेडिएटरच्या नळ्या त्यामानाने रुंद, कोअरच्या अरुंद. म्हणून बऱ्याचदा आधी बंद पडतो तो हीटर.

आणि खरी गोष्ट इथेच आहे. आज हीटर तुंबला, उद्या रेडिएटर तुंबेल. मे महिन्याच्या दुपारी भर रस्त्यात काटा लाल रेघेवर जाईल आणि इंजिन कामातून जाईल. थंडीत गार पडलेला हीटर म्हणजे उन्हाळ्याच्या संकटाची आगाऊ चिठ्ठी असते!

उपाय महाग नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं आणि मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये योग्य प्रमाणात कूलंट मिसळून भरायचं, आत हवा राहू द्यायची नाही. एक मात्र लक्षात ठेवा, कूलंट चवीला गोड पण विषारी असतं. डबा लहान भावंडांच्या आणि जनावरांच्या तोंडी लागू देऊ नका. गाडीत गोडसर वास येऊ लागला, काचेवर तेलकट थर बसला, पायाखालची चटई ओली झाली, तर कोअर गळतोय असं समजा.

आईबाबांसाठीही दोन गोष्टी. उन्हाळ्यात काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सुरू करा. आत भट्टी होईल, पण इंजिनाला तेवढाच एक जास्तीचा रेडिएटर मिळेल. गाडी कडेला नेईपर्यंतचा हा तात्पुरता इलाज. दुसरी, बंद गाडीत इंजिन आणि हीटर चालू ठेवून कधीही झोपू नका. जुन्या गाडीचा सायलेन्सर कुजलेला असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपेतच जीव घेतो.

करून पाहा

गिझरच्या किंवा बंबाच्या थराची एक कपची मोठ्यांकडून मागून घ्या. तिच्यावर लिंबाचे चार थेंब पिळा. बुडबुडे आले? तर तो चुना. तुमच्या घरच्या पाण्यात काय आहे, ते त्या बुडबुड्यांनी सांगितलं.

मग घरात जुनी गाडी असेल तर एकच प्रश्न विचारा, "आपण गाडीत कुठलं पाणी टाकतो?" उत्तर 'बोअरचं' आलं, तर हा लेख त्यांच्या हातात द्या. उन्हाळा यायच्या आत!